दोन चाकांचा हिशेब

द्वितीय वर्ष कला (भूगोल)

चाक ही माणसाच्या शोधांपैकी फार जुनी आणि दिसायला फार साधी वस्तू. कुंभाराचे चाक, मोटेचे चाक, बैलगाडीचे चाक अशी किती तरी चाके आपल्या भाषेतून फिरत असतात. लग्नात भाषण करणारा प्रत्येक पाहुणा नवरानवरीला संसाररथाची दोन चाके म्हणतो. कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळले, ही कथा तर आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु दुकानात उभे राहून, खिशातले पैसे मोजून, ‘हे चाक घ्यावे की ते’ असा विचार करण्याची वेळ फार थोड्यांवर येते. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ती माझ्यावर आली. त्या दोन महिन्यांत मी जे शिकले ते कोणत्याही पेपरात विचारले जाणार नाही. म्हणून ते या अंकात लिहिते आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई आणि आप्पा द्राक्षबागेत मजुरीला जातात. गाव ते कॉलेज अंतर सतरा किलोमीटर. पहिला तास साडेसातचा आणि गावात पहिली एस.टी. येते ती आठ वाजता. २०२३ साली महिलांचे एस.टी.भाडे निम्मे झाले. पण गाडीची वेळ काही त्या मानाने अलीकडे आली नाही. त्यामुळे सायकल ही माझी हौस नव्हे, ती माझी हजेरी आहे.

पहिल्या वर्षाला असताना क्रीडाविभागाच्या सरांच्या मध्यस्थीने मला एका माजी विद्यार्थिनीची जुनी रेसिंग सायकल अकरा हजारांना हप्त्यांवर मिळाली. ॲल्युमिनियमची फ्रेम, मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले हँडल, मागे आठ चकत्यांची कॅसेट, आणि बोटभर रुंदीचे टायर. आप्पांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारले, “हिला कॅरेज बी न्हाई, स्टँड बी न्हाई, मडगार्ड बी न्हाई. मग अकरा हजार कशाचं?” या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नव्हते. पण त्याच सायकलवर मी रोज चौतीस किलोमीटर जाऊ-येऊ लागले आणि सरांनी मला स्पर्धेच्या सरावाला उभे केले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मागच्या चाकाची एक तार तुटली, पंधरा दिवसांनी दुसरी. शुद्ध मराठीत यांना आरे म्हणतात, इंग्रजीत स्पोक. आमच्याकडे त्या तारा. माझ्या चाकांना पुढे वीस आणि मागे चोवीसच तारा होत्या, त्याही चपट्या आणि सरळ डोक्याच्या. तालुक्यातल्या एकाही दुकानात तशी तार नव्हती. शेवटी गावातल्या मिस्त्रीमामांकडे गेले. त्यांनी तारेकडे पाहिलेही नाही. पोलादी फूटपट्टी घेतली, रिमच्या ज्या बाजूवर ब्रेक घासतो तिच्यावर आडवी धरली आणि चाक उजेडाकडे केले. पट्टी आणि रिम यांच्यामधून उजेडाची फट दिसत होती. इतक्या वर्षांत रिम आत खोलगट झिजली होती.

मामा म्हणाले, “ब्रेकचं रबर झिजतं ह्ये समद्यास्नी ठावं असतंय. रिम बी झिजती, ह्ये कुणी बघत न्हाई. आत हवा बाहेर ढकलतीया, भिंत झाली पातळ. एक दिस उतारावर फाटंल आन् तू पडशील उसाच्या ट्रॉलीखाली. तार बदलू नगंस पोरी, चाकं बदल.”

पावसाळ्यात रस्त्यावरची वाळू ब्रेकच्या रबरात अडकते आणि कानसेसारखी रिम खाते, हे त्या दिवशी कळले.

माझ्याजवळ नऊ हजार रुपये होते. फेब्रुवारी ते मे या काळात रविवार आणि सुट्ट्या धरून मी तीस दिवस बेदाण्याच्या शेडवर निवडणीचे काम केले होते. रोज तीनशे रुपये. म्हणून या लेखात मी किमती रुपयांत सांगेन, पण माझ्या मनात त्या दिवसांत मोजल्या जात होत्या.

पहिला पर्याय सर्वांत देखणा होता. सरावाला येणारा एक खेळाडू आपली कार्बनची वापरलेली चाके बावीस हजारांना द्यायला तयार होता. उचलून पाहिली तर कागदाची वाटावीत इतकी हलकी. म्हणजे त्र्याहत्तर दिवस बेदाणा. दुसरा पर्याय कारखान्यात तयार झालेल्या ॲल्युमिनियमच्या नव्या जोडीचा. पंधरा हजार, म्हणजे पन्नास दिवस. तिसरा पर्याय आप्पांनी सुचवला. “माझ्या सायकलीची चाकं घाल की! ती बी अठ्ठावीस इंचीच हाईत.”

या अठ्ठावीस इंचांनी मला चांगलेच कोड्यात टाकले. आपल्या काळ्या, दणकट सायकलीच्या टायरवर २८ × १½ लिहिलेले असते. रेसिंगच्या काही टायरांवरही २८ हा आकडा असतो. पण टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास पहिल्याचा ६३५ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा, म्हणजे ज्याला ७००सी म्हणतात त्याचा, ६२२ मिलिमीटर. नाव एक आणि माप दोन! तेरा मिलिमीटरच्या फरकाने ना टायर बसतो, ना ब्रेकचे रबर रिमच्या जागी येते. शिवाय जुन्या सायकलीची रिम पोलादी. पोलादी रिम ओली झाली की रबर तिच्यावरून घसरते आणि ब्रेक लागता लागत नाही. ॲल्युमिनियम पावसात त्यामानाने पुष्कळच बरे धरते. म्हणून आप्पांचा प्रस्ताव नम्रपणे नाकारावा लागला.

उरली कार्बनची आणि कारखान्याची चाके. एके रात्री जेवताना मी सहज दोन्हींच्या किमती सांगितल्या. आईने भाकरी थापता थापता ऐकले आणि म्हणाली, “बचत गटातनं उचलू. न्हाईतर फुलं हाईत की माझी. पोरगी शिकतीया, चाकासाठी अडायला नगं.”

ती कानातली फुले माझ्या आठवणीत तीन वेळा सोनाराकडे जाऊन आली आहेत. एकदा बोअर मारताना, एकदा आजीच्या दवाखान्याला आणि एकदा माझ्या बारावीच्या वर्षी. प्रत्येक वेळी आईने कानात तुळशीच्या काड्या घातल्या आणि कोणी विचारले तर ‘कान दुखतो’ म्हणून सांगितले. आप्पा त्या रात्री काहीच बोलले नाहीत. फक्त ताटावरून लवकर उठले. मला माझ्या नऊ हजारांत हा प्रश्न सोडवायचा आहे, हे त्याच रात्री ठरले. पण केवळ पैसे नाहीत म्हणून स्वस्त घेणे वेगळे आणि विचार करून योग्य ते घेणे वेगळे. महागड्या चाकांत खरोखर किती अर्थ आहे, हे मला स्वतःला पटवून घ्यायचे होते.

मग वहीची शेवटची पाने उघडली. कार्बनची जोडी एक किलो सहाशे ग्रॅम भरत होती. साधी, दुहेरी भिंतीच्या रिमची जोडी बांधली तर सुमारे दोन किलो दोनशे. फरक सहाशे ग्रॅमचा. आता माझे वजन पन्नास किलो, सायकल अकरा, दप्तर-पाणी तीन, एकूण चौसष्ट. चौसष्ट किलोत सहाशे ग्रॅम म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. चढावर आपली बहुतेक ताकद वजन वर नेण्यात जाते. म्हणजे जो चढ मला दहा मिनिटे घेतो, सागरेश्वरकडचा म्हणा, तिथे फार तर सहा सेकंद वाचतील. ‘फिरणारे वजन दुप्पट धरावे’ असे सरावातली मुले सांगतात. ते खरे आहे, पण वेग वाढवतानाच. एकसारख्या वेगाने जाताना त्या वजनाला वेगळा दंड नाही.

राहिला वारा. ताशी तीस किलोमीटरच्या पुढे सपाट रस्त्यावर खरा शत्रू वाराच, आणि उंच कडेच्या रिम तो थोडा कापतात, हेही खरे. पण त्या वाऱ्याचा मोठा वाटा चाकांवर नव्हे, चालवणाऱ्याच्या अंगावर आदळतो. पाठ वाकवून कोपरे आत घेतली तर चाकांपेक्षा अधिक फायदा होतो, आणि कोपरे आत घ्यायला काही पैसे पडत नाहीत.

तिसरी गोष्ट टायरची. रस्त्याला लागतो तो टायर, रिम नव्हे. जाड, कडक टायर प्रत्येक फेरीला दाबला जाऊन पुन्हा फुगताना ताकद खातो. मऊ, लवचीक अंगाचा टायर कमी खातो. पूर्वी शर्यतीत तेवीस मिलिमीटरचे अरुंद टायर दगडासारखे फुगवून घालत; आता मोठमोठे खेळाडूही अठ्ठावीस वा त्याहून रुंद टायर थोड्या कमी हवेवर वापरतात. कारण खडबडीत रस्त्यावर टणक टायर सायकलस्वाराला सारखा उडवतो आणि त्या उडण्यात वेग जातो. आमच्या रस्त्याची अवस्था पाहता हा शोध आमच्याकडेच आधी लागायला हवा होता! तेव्हा पैसे चांगल्या टायरांत घालायचे आणि चाके अशी घ्यायची की जी गावात दुरुस्त होतील, हे ठरले. चाके बांधून घ्यायची.

बांधून घ्यायची म्हटल्यावर मापे आली. मागच्या हबची रुंदी बाजारात दोन प्रकारची मिळते: १३० मिलिमीटर आणि १३५ मिलिमीटर. माझ्या फ्रेमची १३०. दुकानदार म्हणाला, “पाच एम.एम. काय, ताणून बसवा.” ॲल्युमिनियमची फ्रेम ताणू नये, ती पोलादासारखी नमत नाही, हे मी वाचले होते, म्हणून १३० चाच हब मागवायला लावला. माझी आठ चकत्यांची कॅसेट त्यावर जशीच्या तशी चढणार होती. अठ्ठावीसचा टायर फ्रेममध्ये मावतो का, हे पाहायला वहीच्या पुठ्ठ्याचा अठ्ठावीस मिलिमीटर रुंदीचा तुकडा कापून फ्रेममधून आणि ब्रेकखालून फिरवला. सगळीकडे जागा उरली.

तारांच्या लांबीने मात्र मला विज्ञान शाखेच्या इमारतीत नेले. तार एखादा मिलिमीटर इकडेतिकडे चालते. त्याहून जास्त चुकली तर चाक होत नाही. गणिताच्या सरांना विचारावे की नाही, याचा विचार करत मी दोन दिवस त्यांच्या खोलीवरून गेले. शेवटी विचारले. सरांनी हसून खुर्ची दिली, हबचा आणि रिमचा व्यास विचारला आणि कोसाइनचा नियम कागदावर मांडला. बत्तीस तारा, प्रत्येक तार दुसऱ्या तीन तारांना ओलांडून जाणारी. उत्तर आले: पुढच्या चाकाला २९४ मिलिमीटर, मागच्या डाव्या बाजूला २९३ आणि उजव्या बाजूला २९१. उजवी बाजू आखूड, कारण तिथे कॅसेटने जागा अडवलेली असते. दहावीनंतर गणिताशी माझा संबंध तुटला होता. तो असा सायकलवरून परत आला.

तारा एकमेकींना ओलांडून तिरप्या का जातात, हेही सरांनी सांगितले. पॅडल मारले की हब पिळला जातो. तारा मध्यातून सरळ बाहेर गेल्या तर तो पीळ त्यांना नीट पेलत नाही. हबला स्पर्शून तिरप्या गेल्या तर पेलतो. ही रचना जेम्स स्टार्ली या इंग्रज कारागिराने १८७४ साली पेटंट केली. पुढे १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. आणि गंमत अशी की त्याच १८८८ साली इकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले. तेच लक्ष्मणराव १९१० साली औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर आले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. माझ्या रोजच्या रस्त्याशेजारच्या या गावाचे मूळ एका सायकलच्या दुकानात आहे, हे मला चाके घ्यायला निघाले नसते तर समजले नसते.

खरेदीचा हिशेब असा झाला. दुहेरी भिंतीच्या दोन रिम १९००, हबची जोडी २६००, चौसष्ट तारा चौदा रुपयांप्रमाणे ८९६, दोन टायर २१००, दोन ट्यूब ४४०, रिमच्या आतल्या पट्ट्या १२० आणि मिस्त्रीमामांची मजुरी ६००. एकूण ८६५६ रुपये. म्हणजे एकोणतीस दिवस बेदाणा. एक दिवस शिल्लक!

मामांच्या दुकानात ती दोन चाके तयार झाली तो रविवार मी विसरणार नाही. मामा म्हणाले, “तारा तू भर, आउट मी काढतो. हात लावल्याबिगर चाक कळत न्हाई.” पहिल्या चाकाला मला तीन तास लागले. दुसऱ्याला दीड. मग मामांनी चाक स्टँडवर चढवले, निपलची चावी घेतली आणि एकेक पाव फेरा देत बसले. मधूनच ते तारांवर नखाने टिचकी मारीत आणि कान देत. एकाच बाजूच्या सगळ्या तारांचा आवाज एक आला पाहिजे. एखादी ढिली तार मंद बोलते, जास्त ताणलेली किंचाळते. मिरजेत तंबोरे जुळवणारे कारागीर मी पाहिले आहेत. मामांचा चेहरा तेव्हा तसाच झाला होता.

मी विचारले, “मामा, मजबुतीसाठी सगळ्याच तारा खूप आवळल्या तर?”

“रिम मोडंल. आन् ढिल्या सोडल्या तर तारा तुटतील. तार ओझ्यानं तुटत न्हाई पोरी. सारखी ढिली-ताठ, ढिली-ताठ हून तुटती.”

याचा अर्थ मी नंतर शोधला. चाक फिरताना जी तार खाली, रस्त्याकडे येते तिचा ताण क्षणभर कमी होतो आणि वर जाताना पुन्हा भरतो. मुळातच ताण पुरेसा असेल तर तो थोडा कमी झालेला तारेला जाणवत नाही. ताण अपुरा वा असमान असेल तर तार दर फेरीला सैल पडते, पुन्हा ओढली जाते आणि वाकलेल्या मानेपाशी थकून तुटते. माझ्या सतरा किलोमीटरांत चाक साधारण आठ हजार वेळा फिरते. म्हणजे प्रत्येक तार कॉलेजला पोचेपर्यंत आठ हजार वेळा ही कसरत करते. मामा सातवी नापास आहेत. पण हा धडा त्यांनी एका वाक्यात सांगितला होता.

शंभर किलोमीटर झाल्यावर चाके पुन्हा दाखवायला सांगितले होते, तशी दाखवली. दोन ठिकाणी पाव पाव फेरा दिला, बस. त्यानंतर सारा पावसाळा गेला, एक तारही तुटली नाही. पूर्वी खडी उखडलेल्या पट्ट्यावर हँडल हातातून निसटायचे. आता रुंद टायर ते धक्के गिळतो. आणि ब्रेक पावसात लागतो, ही गोष्ट मला इतर सर्व गोष्टींपेक्षा मोठी वाटते. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागून ज्याने सायकल चालवली आहे त्याला याचे कारण सांगावे लागणार नाही.

नोव्हेंबरात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत वीस किलोमीटरच्या वैयक्तिक शर्यतीत मी चौथी आले. पुढच्या तिघींपैकी दोघींची चाके कार्बनची होती. तिसरीच्या आणि माझ्या वेळेत एक मिनिट दहा सेकंदांचे अंतर होते. परतताना एक मैत्रीण हळहळली, “तुझ्याकडे तशी चाके असती तर!” मी मनातल्या मनात पुन्हा हिशेब केला. सपाट रस्ता, वीस किलोमीटर. चाकांनी काही सेकंद दिले असते, सत्तर नव्हेत. ते सत्तर पायांचे होते, सरावाचे होते. हे समजल्यामुळे मला वाईट वाटण्याऐवजी हुरूप आला. कारण पैसा माझ्या हातात नाही, पण पहाटेची वेळ माझ्या हातात आहे.

माझ्यासारख्या अनेक मित्रमैत्रिणी या कॉलेजात आहेत, ज्यांना कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी घरातले चार चेहरे आठवतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, काटकसर म्हणजे मन मारणे नव्हे. वस्तूचे काम काय, ती कशाने बिघडते, बिघडल्यावर कोण दुरुस्त करील, आणि जाहिरातीत सांगितलेल्या फायद्यापैकी आपल्या रस्त्यावर किती पोचतो, हे विचारायला श्रीमंती लागत नाही. उलट हे प्रश्न गरिबाला जास्त चांगले सुचतात. महाग वस्तू वाईट असते असेही नाही. ज्या मुली ती चाके घेऊन जिंकल्या त्या माझ्यापेक्षा चांगल्या चालवत होत्या आणि उद्या मला परवडली तर मीही घेईन. पण ती कोणाच्या कानातून काढून घ्यायची नाहीत.

शिल्लक राहिलेल्या ३४४ रुपयांतून मी प्रत्येक मापाच्या दोन-दोन जादा तारा घेतल्या आणि निपलची एक चावी. उरलेले पैसे आईकडे दिले. तिने ते मोजले नाहीत. डाव्या हाताने फडताळातल्या डब्यात टाकले आणि उजव्या हाताने चाक गरगर फिरवून ते वाकडे जाते का, हे स्वतः खाली बसून पाहिले. आता गल्लीतल्या शाळकरी मुली आपापल्या सायकली घेऊन माझ्या दारात येतात. कोणाच्या तारा ढिल्या असतात, कोणाची रिम आउट असते. मी चावी घेऊन बसते आणि टिचकी मारून आधी त्यांनाच ऐकायला सांगते.